ओसी हातात येईपर्यंत नव्या इमारतीत सामान हलवू नये

सर्व सभासदांना नमस्कार.

पुनर्विकासातल्या आपल्या नव्या इमारतीचं रंगकाम झालं, लिफ्ट चालू झाली, म्हणून काही घरांना विकासकाच्या माणसांनी परस्पर चाव्या देऊ केल्याचं समजलं. कृपया घेऊ नका. ठाणे महानगरपालिकेच्या शहर विकास विभागाकडून भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मिळेपर्यंत तिथे राहायला जाता येत नाही. १९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकी कायद्याची ही बंदी ताबा देणाऱ्यावर आहे, तशी घेणाऱ्यावरही.

साइट ऑफिसात फ्रेम करून लावलेली सीसी ही बांधकाम सुरू करण्याची परवानगी आहे. ती दाखवून कोणी 'सगळं क्लिअर आहे' म्हणालं तर विश्वास ठेवू नये. 'फक्त फर्निचरच्या कामासाठी ताबा' अशा कागदावर सही करण्याआधी समितीला दाखवा. उद्या तोच कागद पुढे करून विकासकाकडून आपल्याला मिळणारं भाडं बंद केलं जाईल, ही आम्हाला खरी काळजी आहे.

अग्निशमन दलाचा अंतिम दाखला अजून बाकी आहे. वरच्या मजल्यांवर आपली वयस्कर मंडळी राहणार आहेत. पंप आणि होज रीलची तपासणी झाल्याशिवाय त्यांना तिथे न्यायचं नाही.

पार्ट ओसी, म्हणजे इमारतीच्या काही भागापुरतीच ओसी, आली तर त्यात आपली विंग आणि मजला आहे का, ते आधी पाहावं. घाई नको, रेरा या स्थावर मालमत्ता कायद्यानुसार ओसीनंतर ताबा घ्यायला दोन महिने मिळतात. प्रत मिळाली की ग्रुपवर टाकू आणि मूळ कागद ऑफिसात बघायला ठेवू.

– सचिव, व्यवस्थापक समिती