शिबिर पुढे ढकललं, बोट मात्र वाकतंच आहे : मंत्रिमहोदयांना खुलं पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

स. न. वि. वि.

आमच्या जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात गेल्या आठवड्यात लहान मुलांच्या हातांच्या ऑपरेशनचं शिबिर होणार होतं. परदेशातले हातांचे सर्जन रजा टाकून, पदरचं तिकीट काढून येणार होते. आधी ऑपरेशनं आणि मग इथल्याच सर्जनना आणि फिजिओथेरपीवाल्यांना शिकवायचं, असा बेत होता. उन्हाळ्यात आपण स्वतः येऊन माइकवरून हे जाहीर केलंत, नाव नोंदवलेलं एकही मूल परत जाणार नाही असा शब्द दिलात. टाळ्या आम्हीच वाजवल्या.

जिल्ह्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं की बदली होईल ती ज्या एका डॉक्टरबाईंनी आमच्यासाठी धावपळ केली त्यांचीच. एवढा अनुभव आहे.

आम्ही आदल्या रात्रीच दाखल झालो होतो. भूल द्यायची म्हणून मुलं उपाशी. सकाळ सरत आली तेव्हा वॉर्डच्या दारावर कागद चिकटवला गेला : तांत्रिक कारणास्तव शिबिर पुढे ढकलण्यात येत आहे. खाली सही होती, पुढची तारीख नव्हती. पाहुण्या डॉक्टरांच्या तात्पुरत्या नोंदणीची फाइल वर कुठेतरी अडकली, असं नंतर कानावर आलं. ते लोक येऊन लॉजवर बसून होते. ऑपरेशन नाही तर निदान शिकवू तरी द्या, असं त्यांनी सुचवलं म्हणे. पण सभागृहात आढावा बैठक होती. कसला आढावा घेतला ते कळलं तर बरं होईल.

नोंदणीचा नियम चुकीचा आहे, असं माझं म्हणणं नाही. बाहेरून आलेल्या माणसाने कागदपत्रांशिवाय माझ्या लेकीला हात लावू नये, हे मलाही पटतं. शिबिरांवर माझी आंधळी भक्तीही नाही. २०१४ साली छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या नसबंदी शिबिरात बायका कशा गेल्या ते आम्ही विसरलेलो नाही. पण नियम आहे तर तो वेळेत पुरा करणारं कुणी आहे का? आपल्या दौऱ्याच्या वेळी ऑपरेशन थिएटरला दोन दिवसांत रंग लागला होता. तेव्हा कुठलंच तांत्रिक कारण आडवं आलं नाही.

माझी मुलगी पाच वर्षांची आहे. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट जन्मापासून जुळलेलं. मधलं आणि त्याच्या शेजारचं बोट जुळलेलं असतं तर थोडं थांबता आलं असतं, ती दोन्ही साधारण एका उंचीची. करंगळी आखूड. तिच्याशी जखडलेलं लांब बोट वाढताना सांध्यात वाकतं आणि तिच्याकडे ओढलं जातं. म्हणून ही बोटं वर्षाच्या आतबाहेर सोडवतात. हे मला शहरातल्या एका खाजगी डॉक्टरांनी सांगितलं आणि त्याच कागदाच्या पाठीवर खर्चाचा आकडा लिहून दिला. सरकारी दवाखान्यातल्या एका साहेबांनी विचारलं होतं, "बाकीची आठ बोटं चांगली आहेत ना?"

साहेब, बोटं सोडवायची म्हणजे मधून कात्री चालवायची नसते. दोन सुट्या बोटांना जुळलेल्यांपेक्षा जास्त कातडी लागते. नागमोडी छेद घेऊन कातडी वळवायची, कमी पडते तिथे बहुधा जांघेतली लावायची, बोटाची रक्तवाहिनी आणि नस सांभाळायची. एवढं करून नंतर नीट पट्टी आणि व्यायाम झाला नाही तर व्रण आकसतो आणि बोट पुन्हा वाकतं. म्हणून शिकवण्याचा भाग मला ऑपरेशनाइतकाच हवा होता. पाहुणे आठवड्याने परत जातात. टाके आणि पट्ट्या इथल्यांनाच काढायच्या असतात.

घरात काय चाललं होतं तेही ऐका, कारण आपल्या अहवालात ते येत नाही. ग्रहणात हिने काहीतरी चिरलं, म्हणून पोरीची बोटं चिकटली, असं सासूबाईंनी बारशालाच ठरवून टाकलं. त्या दिवसांत ग्रहण होतं की नव्हतं हे कुणी पंचांग उघडून पाहिलं नाही. नवरा काही बोलत नाही, ते आणखी वाईट. लग्नकार्यात मुलीचा हात पदराखाली धरून बसायची सवय मला लागली आणि आता तिलाही. पेन्सिल डाव्या हाताने धरते. वर्गातली पोरं तिला काय म्हणतात ते मी इथे लिहिणार नाही.

आधारचं तर विचारूच नका. पाच वर्षं झाली म्हणून ठसे द्यायला नेलं. यंत्राला चार बोटं हवीत, हिची दिसतात तीन, त्यातलं एक जाड. ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, बोटं सोडवून आणा, मग या." मी म्हटलं, मंत्र्यांना सांगते. हे बघा, सांगितलं.

मी अंगणवाडी सेविका आहे. म्हणजे आपल्याच योजनेची शेवटची पायरी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. वर्षातून दोनदा तपासणीची गाडी माझ्या अंगणवाडीत येते, मुलांची यादी मीच तयार ठेवते. जन्मदोषांच्या त्या यादीत नऊ नावं आहेत : फाटलेला ओठ आहे, हृदयाचं छिद्र आहे, वाकडा पाय आहे. हात नाही. जुळलेली बोटं, अंगठाच नसलेला हात, बाळंतपणात मानेजवळची नस ताणून लुळा पडलेला हात, यांतलं एकही नाव नाही. बंबाच्या पाण्याने नाहीतर चुलीत भाजून मुठीसारखी आकसलेली पोरांची बोटं तर दर गावात दिसतील. माझ्याच मुलीला मी कुठल्या रकान्यात भरू?

जुळलेली बोटं साधारण दोन-अडीच हजार बाळांमागे एकाला असतात, असं वाचलंय. राज्यात वर्षाला अठरा-वीस लाख बाळं जन्मत असतील, तर हा आकडा सातशे ते हजार होतो, आणि तोही एकाच दोषाचा. हिशेब माझा आहे, बोटांवर केलेला. आपल्या खात्याकडे खरा आकडा असेल तर छापा, मी माझा मागे घेते.

आणि परदेशी डॉक्टर कशाला, असं कुणी म्हणत असेल तर त्याला थोडा इतिहास सांगा. इंग्लंडहून १९४६ साली वेल्लोरला आलेल्या पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया केल्या आणि त्या इथल्या डॉक्टरांना शिकवल्या. पंढरपूरचे शरदकुमार दीक्षित अमेरिकेत स्थायिक झाले, अपघाताने व्हीलचेअर आली, कर्करोगाने आवाज नेला, तरी दरवर्षी येऊन फाटलेल्या ओठांची ऑपरेशनं फुकट करत राहिले. २०११ साली ते गेले. एका माणसाच्या पुण्याईवर किती वर्षं काढायची? मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशींनी तारांची चौकट बसवून हळूहळू वाकडे हातपाय सरळ करायची पद्धत काढली, ती जगात त्यांच्या नावाने ओळखली जाते. कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलात परदेशातले सर्जन हाताचं काम शिकायला येतात. म्हणजे विद्या देशात आहे. ती जिल्ह्यापर्यंत का येत नाही? आमच्याकडे पाच लाखांचं विमा कार्ड आहे. ते दाखवायचं कुणाला? कार्डवाला आहे, कार्ड आहे, सर्जन नाही.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की २०२५ पर्यंत सरकारचा आरोग्यावरचा खर्च देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेऊ. ते साल आलं आणि गेलं. इमारती झाल्या, कोनशिला बसल्या, आत भूलतज्ज्ञ नाही. आम्हाला पगार नाही, मानधन आहे. आणि ते कधी येईल ते विचारलं की उत्तर मिळतं, वरून आलं नाही. सगळं वरूनच यायचं असतं आणि वर विचारलं की म्हणतात, खालून प्रस्ताव आला नाही. मी खालची आहे. हा घ्या प्रस्ताव.

जन्मदोषांच्या यादीत हात घाला. प्रत्येक विभागात निदान एका सरकारी सर्जनला मुलांच्या हाताचं काम शिकायला पूर्ण पगारावर पाठवा, सोबत एक फिजिओथेरपीवालाही. बाहेरून शिकवायला येणाऱ्यांच्या नोंदणीसाठी एका अधिकाऱ्याचं नाव आणि मुदत ठरवा. फीत आपणच कापा, आमची हरकत नाही.

त्या डॉक्टरांनी जाताना डॉक्टरबाईंजवळ पुढच्या वर्षीच्या तारखा मागितल्या आहेत. फाइल कोण पाहणार हे कळल्याशिवाय त्या उत्तर देऊ शकत नाहीत. निदान ते नाव तेवढं कळवावं.

आपली,
एक अंगणवाडी सेविका
(नाव देत नाही, मागचं मानधन अजून यायचं आहे.)