शाया, शाला, शाळा

सोहार, ओमान
शुक्रवार, 13 फेब्रुवारी 2026

ती. दादास आणि वहिनींना सा. नमस्कार. आई-बाबांच्या पायांवर डोकं.

परवा फोन तू ठेवलास की रेंज गेली, ते मला अजून कळलेलं नाही. मी आपली रेंज गेली असंच धरून चाललोय. फोनवर आपण दोघं दोन मिनिटांत चढतो, म्हणून आज शुक्रवारची सुट्टी आहे तर कागद घेऊन बसलो. फोटो काढून वहिनींच्या व्हॉट्सॲपवर टाकतो. तू चष्मा लावून सावकाश वाच, आणि बाबांनाही वाचून दाखव.

आधी कामाचं. परतवाड्याच्या त्या इंग्रजी शाळेत पोरीच्या प्रवेशासाठी ॲडव्हान्स भरू नको. निदान मी मे महिन्यात येईपर्यंत तरी नको.

आमचं येणं आता पक्कं आहे. माझ्या जागेवर इथला स्थानिक मुलगा येतोय, ओमानीकरणात हे आज ना उद्या व्हायचंच होतं, त्यात कुणावर राग धरण्यासारखं काही नाही. 31 मेपर्यंत करार आहे. पोरीची चौथीची परीक्षा मार्चमध्ये उरकेल. इथल्या भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि आपल्याकडे विदर्भात शाळा उघडायला जून संपत येतो, म्हणजे मधे तीन महिने ती मोकळीच. त्या तीन महिन्यांचं काय करायचं ते मी ठरवलंय, पुढे सांगतो.

तुझं म्हणणं मला समजतं. "ओमानहून आलेली पोरगी झेडपीत घातली तर लोक काय म्हणतील?" हे तू तीनदा म्हणालास. लोक दोन दिवस म्हणतील दादा, मग संत्र्याचे भाव पडले की त्यांना दुसरा विषय मिळेल. पण तुझ्या भावजयीचं, म्हणजे घरातल्या माझ्या मालकिणीचं म्हणणं तुझ्यापेक्षा जड आहे आणि ते मला असं उडवून लावता येत नाही. ती म्हणते, तुम्हाला वर्षा-दोन वर्षांत पुन्हा आखातात काम मिळालं तर काय? इकडे भारतीय शाळा वीसेक आहेत आणि सगळीकडे सीबीएसई. पोरगी एकदा राज्य मंडळात गेली की परत जुळवून घेताना तिचे हाल. खरं आहे. फक्त मला पुन्हा जायचं नाही, आणि ते मी तिला अजून नीट सांगितलेलं नाही. तूही सांगू नको.

आता परतवाड्याचं बोलू. गावाहून पंचवीस किलोमीटर. तू म्हणालास, बस दारात येते. दारात म्हणजे फाट्यावर, आणि फाटा घरापासून किती ते मला माहीत आहे. ती बस वाटेतली सहा-सात गावं घेत जाणार. सकाळी सव्वासहाला पोरगी फाट्यावर, दुपारी अडीच-तीनला परत. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की त्या दिवशी शाळा नाही. इथे तिची बस वातानुकूलित आहे, घरापासून पंधरा मिनिटांवर शाळा, तरी येताना ती बसमध्ये झोपते. बाबा शकुंतला रेल्वेने अचलपूरला शिकायला जायचे, ते दर दिवाळीला सांगतात. पण शकुंतलेत बाबा चौदा वर्षांचे होते, ही नऊची आहे. आणि बाबा हेही सांगतात की गाडी उशिरा आली की पहिला तास बुडायचा आणि त्याचा त्यांना आनंदच व्हायचा.

आणि एक गोष्ट तू बघितलीस का? तू पाठवलेल्या फोटोत त्या शाळेच्या बोर्डावर काय लिहिलंय ते मी मोठं करून वाचलं. "सीबीएसई पॅटर्न". दादा, पॅटर्न म्हणजे संलग्नता नव्हे. पॅटर्न आपल्या वावरातल्या गोठ्यावरही लिहिता येतो. संलग्न शाळेला सीबीएसईचा क्रमांक असतो आणि बोर्डाच्या वेबसाइटवर शाळेचं नाव सापडतं. शिवाय प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला अकरा आकडी यूडायस क्रमांक असतो, तोही विचार. विचारल्यावर ऑफिसमधला माणूस लगेच सांगतो की "सर येतील तेव्हा या" म्हणतो, तेवढ्यावरूनच अर्धं कळेल.

तिथे पोरीची मुलाखत घेणार आहेत म्हणालास. शिक्षण हक्काचा 2009 चा कायदा आहे, त्यात प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापाची चाचणी-मुलाखत घेता येत नाही. देणगीही मागता येत नाही. "ॲडव्हान्स" हा शब्द कशासाठी वापरतात ते तू तुझ्या परीने समजून घे. मी भांडायला सांगत नाही. घरी ठेवलेले पैसे भांडणाशिवाय परत मिळतात, एवढंच.

आता मूळ गोष्ट, जी फोनवर मला सांगताच आली नाही.

पोरीला मराठी बोलता येतं हे तुम्हाला माहीत आहे, आईशी ती तासभर बोलते. वाचायला मात्र ती हिंदीतून शिकली. अक्षरं तीच, म्हणून मी निर्धास्त होतो. गेल्या महिन्यात बालभारतीचं चौथीचं पुस्तक मोबाइलवर उतरवलं, ते फुकट मिळतं, आणि तिला वाचायला बसवलं. पहिल्याच ओळीत ती अडली. ळ. "बाबा, हे काय आहे?" हिंदीच्या पुस्तकात तिला तो कधी भेटलाच नव्हता. मी सांगितलं, तिने प्रयत्न केला, आणि शाळेची झाली "शाला". सकाळची "सकाल". आईने फोनवर तिला विचारलं, "शायेत गेलती का?" तर पोरगी माझ्याकडे बघायला लागली. आजी म्हणते शाया, ती म्हणते शाला, पुस्तकात आहे शाळा. तिने मला विचारलं, यातलं बरोबर कोणतं?

मला पाचवीचा वर्ग आठवला. तुला आठवतो का? तू तेव्हा आठवीत होतास. तालुक्याच्या शाळेत मी उभा राहून "डोया" वाचलं, अख्खा वर्ग हसला आणि सर पण हसले. मग त्यांनी मला ळ शंभर वेळा लिहायला लावला. लिहून झाल्यावर ळ नीट यायला लागला खरा, पण त्या वर्षी मी वर्गात पुन्हा हात वर केला नाही. घरी "डोळा" म्हटलं तर आई म्हणायची, "लय शहाणा झाला." दोन्हीकडून मार.

ही पोरगी जिथे जाईल तिथे पहिल्या आठवड्यात हसं होणार, हे मी धरून आहे. परतवाड्याला तिच्या इंग्रजीवर खूश होतील आणि मराठीवर हसतील. गावात तिच्या "शाला"वर हसतील. पोट्टे हसणारच, त्याचं काही नाही, दोन महिन्यांनी तीच त्यांच्यासारखी "काऊन" म्हणायला लागेल. मला बघायचं आहे ते गुरुजी-बाई हसतात का. ते ना माहितीपत्रकात असतं, ना बोर्डावर. ते वर्गात बसूनच कळतं.

तुला वाटत असेल इंग्रजी शाळेत घातलं की मराठीची कटकट नाही. तसंही नाही. 2020 पासून महाराष्ट्रात कायदाच आहे, मंडळ कोणतंही असो, मराठी शिकवावीच लागते. म्हणजे ळ तिथेही वाट बघत बसलेला आहे.

गावच्या शाळेबद्दल मी आंधळा नाही. वहिनी शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत, त्यांनीच मला सांगितलं: पट 52, शिक्षक दोन, वर्ग पाच. कायद्याने हे बसतं, साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात. पण पाच वर्ग दोन खोल्यांत म्हणजे एक वर्ग शिकतो तेव्हा दोन-तीन वर्ग फळ्यावरचं उतरवून घेत बसतात. त्यात निवडणूक आली, मतदार याद्या आल्या, जनगणना तोंडावर आहे, की दोघांतला एक गेला. तरी वहिनींनी एक सांगितलं ते माझ्या डोक्यात राहिलं. बाई दुपारच्या खिचडीनंतर पाचवीच्या मुलांना पहिलीतल्या मुलांना वाचून दाखवायला बसवतात. पोरीला मोठ्याने वाचायला लागेल, आणि ऐकणारे सहा वर्षांचे असतील, ते चुका काढणार नाहीत. शिवाय तुझा धाकटा तिथे तिसरीत आहे. घरचं एक माणूस शाळेत असलं की पहिला महिना सोपा जातो.

पाचवीनंतर मात्र गावात वर्गच नाही. तेव्हा दोन वाटा आहेत. अंजनगावचं हायस्कूल, सेमी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून. एसटीचा पास पोरींना अहिल्याबाई होळकर योजनेत फुकट. हे मला पटतं, आपण दोघं तसेच शिकलो.

दुसरी वाट नवोदय, म्हणजे केंद्र सरकारची वसतिगृहाची शाळा. देशात पहिली दोन नवोदय 1985-86 मध्ये उघडली, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावती जिल्ह्यात. आपल्या तालुक्यातली कितीतरी पोरं त्यातून गेली. सहावीला प्रवेश, परीक्षा पाचवीत असताना, आणि ती आयुष्यात एकदाच देता येते. जिल्ह्यात राहणारं आणि त्याच जिल्ह्यात पाचवी शिकणारं मूल लागतं. जागा जास्तीत जास्त 80. त्यातल्या किमान तीन चतुर्थांश ग्रामीण मुलांच्या, आणि ग्रामीण धरायला तिसरी, चौथी, पाचवी तिन्ही वर्षं खेड्यातल्या शाळेत झालेली पाहिजेत. आपली पोरगी तिसरी-चौथी सोहारला शिकली, म्हणजे गावात राहून, गावच्या शाळेत पाचवी करूनही ती कागदावर ग्रामीण नाही. उरलेल्या थोड्या जागांतच तिची धडपड. हे वाचून मला हसू आलं आणि थोडं लागलंही. शाळा सीबीएसईची असते, म्हणून मालकिणीचंही समाधान होईल. पण अकरा वर्षांची पोरगी वसतिगृहात ठेवायची का, हे आईला विचारल्याशिवाय मी ठरवणार नाही, आणि आई काय म्हणेल ते मला आजच माहीत आहे. तू एकदा तिथल्या कार्यालयात जाऊन परदेशातल्या शाळेचा दाखला चालतो का तेवढं विचारून ये. माझ्याकडे लेखी काही नाही.

म्हणून माझं सध्याचं मत असं: पाचवी गावात. मधले तीन महिने ती आजीजवळ. एप्रिलमध्येच मायलेकींना पुढे पाठवतो, मी मेअखेर येतो. उन्हाचं म्हणशील तर ती ओमानमध्ये वाढलेली आहे, तुमच्या उन्हाळ्याला ती भिणार नाही. नाही म्हणायला पंचेचाळीसच्या वर गेल्यावर बघू. सकाळी बागेत बाबांबरोबर, दुपारी ओसरीवर वाचन. बाबांना सांग, तिच्याशी बोलताना मुद्दाम पुस्तकी बोलू नका. शाया, उन्हाया, दिवायी, जसं बोलता तसंच बोला. तिला मी सांगितलंय की आजीचं पण बरोबर आहे आणि पुस्तकाचं पण, फक्त पेपरात पुस्तकाचं लिहायचं. तिने विचारलं, मग तुमचं कोणतं? मी म्हणालो, मी सोहारला आल्यापासून कोणाशी बोलतो त्यावर आहे.

दाखला इथून साक्षांकित करून आणतोच. कायद्याने दाखल्याला उशीर झाला म्हणून सरकारी शाळेत प्रवेश अडवता येत नाही, पण आपल्याकडे कागद हातात असलेला बरा.

तुझ्यासाठी दोन कामं. एका सोमवारी सकाळी सव्वासहाला चहा घेऊन फाट्यावर उभा राहा. परतवाड्याची बस किती वाजता येते, पोरं किती, त्यातली उभी किती, एवढं मोज. आणि एक दिवस दुपारी वहिनींबरोबर गावच्या शाळेत पाचवीच्या वर्गात मागे जाऊन बस, बोलू नको. कुणी वाचताना चुकलं तर बाई काय करतात तेवढं बघ. बाई हसल्या तर मला सांग, मी परतवाड्याचा विचार करीन. खरंच करीन, शब्द देतो.

पुढच्या आठवड्यात इथे रमजान सुरू होईल, ड्यूटीच्या वेळा बदलतील, तेव्हा फोन रात्री कर. संत्र्याच्या मृग बहाराची तोडणी कुठपर्यंत आली ते कळव. आईच्या गुडघ्याचं तेल मी विसरलेलो नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. ॲडव्हान्स भरूनच आला असशील तर पावती जपून ठेव.