लहान जबड्याच्या बाळांसाठी साहित्य केंद्राचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्राची नव्याने ओळख करून द्यायला नको. वॉटरबेड, वॉकर, कमोडची खुर्ची... मिरजेत आजारपण आलेल्या बहुतेक घरांनी अनामत भरून इथून काहीतरी नेलंच आहे. सुरुवातीला पत्र्याच्या खोलीत दोन व्हीलचेअर होत्या, त्याही पेठेतल्या अण्णांनी वहिनींच्या माघारी दिलेल्या. पुढे माजी विद्यार्थ्यांनी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर दिला. कोविडात तो खोलीत टेकला नाही. तंतुवाद्य बनवणाऱ्या मंडळींनी सगळ्या पलंगांची चाकं बदलून दिली, वर पावतीवर नाव घालू नका म्हणाले. (घातलं नाही.)

आताची मागणी निराळी आहे. खालचा जबडा फारच लहान असलेल्या तान्ह्या बाळांचे पालक चौकशीला येतात आणि आम्ही त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवतो.

‘हनुवटी बारीक आहे, वाढेल’ असं घरची मोठी माणसं म्हणतात. पुष्कळांचा जबडा पहिल्या एक-दोन वर्षांत बराच वाढतोही. पण तोवर जिभेला जागा पुरत नाही, ती मागे पडून श्वासाची वाट अडवते. अनेकदा तोंडातल्या टाळूलाही फट असते, त्यामुळे दूध ओढता येत नाही. पिएर रॉबिन या फ्रेंच डॉक्टरांनी हे १९२३ मध्ये मांडलं, म्हणून त्यांचंच नाव याला आहे. आईने ग्रहणात विळी धरल्याने हे होत नाही, हे अजूनही सांगावं लागतं!

एका बाळाला आम्ही पाहून आलो. दर श्वासाला गळ्याची खळी आत ओढली जात होती, दूध पिता पिता ओठ निळसर पडत होते. जीभ पुढे यावी म्हणून डॉक्टरांनी पालथं झोपवायला सांगितलेलं. आजी मायेने उताणं करायच्या. एरवी तान्ह्याला उताणंच झोपवायचं असतं, त्यामुळे पालथं ठेवायचं ते डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच आणि लक्ष ठेवूनच. त्यासाठी पायाला बसणारा, ऑक्सिजन उतरला की वाजणारा ऑक्सिमीटर लागतो. कोविडातले बोटाचे ढीगभर पडलेत, ते इथे कामाचे नाहीत.

पालथं ठेवून भागलं नाही तर श्वासासाठी नाकातून नळी घालतात, काहींच्या जबड्याचं हाड कापून रोज मिलिमीटर-दोन मिलिमीटरने लांबवतात. ते हॉस्पिटलचं काम. टाळूच्या ऑपरेशनला योजना आहेत, दाते आहेत. त्याआधीचे महिने घरच्यांनी रात्री जागून काढायचे, तिथे मात्र कोणी फिरकत नाही.

गणपतीआधी ग्रुपवर हेच आवाहन टाकलं होतं. हात जोडलेले खूप आले, पावतीपुस्तक कोरं राहिलं. रोषणाईचे पैसे एका बैठकीत जमले. रोषणाई छानच झाली, त्याबद्दल तक्रार नाही.

ऑक्सिमीटर ३, सक्शन मशीन (तोंडा-घशातला स्राव ओढून काढणारं) २, दाबून दूध सोडायच्या बाटल्या, एकूण रु. १ लाख ९० हजार, महिनाअखेरपर्यंत. रोख/चेक कार्यालयात सायं. ६ ते ८ (रविवार बंद), क्यूआर कोड दारावर, पावती मागून घ्यावी. साहित्य डॉक्टरांची चिठ्ठी पाहूनच, तान्ह्यांसाठी अनामत नाही.

आपला,
चिटणीस

ता. क. : व्हीलचेअर कृपया सध्या आणू नयेत. ठेवायला जागा नाही.