बायकांचा सुगंध गोडच का हवा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला परफ्यूमवरचा लेख वाचला. त्यात फुलांचे आणि व्हॅनिलाचे वास 'स्त्रियांसाठी' म्हणून सांगितले आहेत आणि कडवट, मातकट वास सरसकट पुरुषांच्या खात्यात टाकले आहेत. हे वाचून गप्प बसवेना.

'शिप्र' नावाचे परफ्यूमचे एक घराणेच आहे. शिप्र म्हणजे फ्रेंचमध्ये सायप्रस बेट. फ्रांस्वा कोती या फ्रेंच सुगंधकाराने १९१७ साली या नावाचा परफ्यूम काढला आणि पुढे त्या धाटणीलाच हे नाव पडले. वर, म्हणजे आधी जाणवणारे, बर्गमॉट हे लिंबाच्या जातीचे फळ; खाली, म्हणजे शेवटपर्यंत टिकणारे, ओकच्या झाडावरचे दगडफूल आणि लॅब्डॅनम हा चिकट डिंक, जोडीला बहुधा पॅचौली ही सुगंधी पानांची वनस्पती. (पूर्वी क्रीटकडे हा डिंक झुडपांत चरून आलेल्या बोकडांच्या दाढीतून विंचरून काढत.) त्यानंतर झाक गेरलँचा 'मित्सुको' १९१९ मध्ये आला, 'फाम' १९४४ मध्ये, 'मिस दिओर' १९४७ मध्ये. हे सगळे बायकांसाठीच होते. मग कडवटपणा पुरुषी कधीपासून झाला?

माझी मावशी मुख्याध्यापिका होती. पॅरिसहून आलेली मित्सुकोची एकच बाटली तिने कितीतरी वर्षे पुरवली. कानामागे थेंबभर, तोही शाळेच्या समारंभालाच. सुरुवातीला लिंबाची साल नखाने खरवडावी तसा लखलखीत वास यायचा. मग पिकलेल्या पीचचा. (तो पीच फळातून येत नाही, प्रयोगशाळेत केलेल्या लॅक्टोन नावाच्या एका रसायनातून येतो. मी रसायनशास्त्र शिकवले, म्हणून मला याचे विशेष अप्रूप.) त्यामागून गुलाब, जाई. आणि दुपार उलटली की उरायचा तो खरा मित्सुको: कोरडा, किंचित कडू, सावलीतल्या झाडाच्या ओल्या खोडासारखा. ती गेल्यावर तिची इरकल माझ्याकडे आली. घडी उलगडली तेव्हा लिंबू, पीच, फुले सगळे उडून गेले होते आणि दगडफूल तेवढे होते. जड रेणू सावकाश उडतात, एवढेच त्याचे कारण. पण ती घडी मी पुन्हा तशीच घालून ठेवली.

हा वास आपल्याला परका वाटायचे खरे तर कारण नाही. गोडा मसाला करताना दगडफूल तेलावर परतून बघा. कोरडे असताना फारसे काही सांगत नाही, तेल तापले की स्वयंपाकघरभर रानातला मातकट वास पसरतो. ओकवरचे ते दगडफूल वेगळ्या जातीचे, पण धोंडफूल-दगडफुलाच्याच गोतातले. पॅचौलीही आपल्या पाचेची सख्खी. घरोघरच्या बायकांच्या हाताला हे वास लागलेले असताना ते 'जेन्ट्स' कसे?

दोन वर्षांपूर्वी एका मॉलमध्ये मी शिप्र मागितला. काउंटरवरच्या मुलीने कागदाची पट्टी नाकाशी धरली, अर्ध्या मिनिटात म्हणाली, "मॅडम, हा जेन्ट्स टाइप आहे," आणि स्ट्रॉबेरीचा काहीतरी पुढे केला. तिचा दोष नाही, तिला तसेच शिकवले असणार. पण अर्ध्या मिनिटात शिप्रमधले बर्गमॉटच कळते, बाकीचे यायला दुपार व्हावी लागते.

आणखी एक. ओकच्या दगडफुलातल्या अॅट्रॅनॉल आणि क्लोरोअॅट्रॅनॉल या द्रव्यांनी काहींच्या त्वचेला अॅलर्जी होते, म्हणून युरोपीय संघाने २०१७ साली त्यांच्यावर बंदीचा नियम केला. तो योग्यच आहे. पण त्यामुळे जुन्या परफ्यूमची घडण बदलावी लागली आणि आजची बाटली मावशीच्या बाटलीसारखी नाही. कोतीचा मूळ शिप्र व्हर्सायच्या 'ऑस्मोथेक' या सुगंधसंग्रहात जपला आहे. तिथे एकदा जायची माझी फार इच्छा आहे.

पुढच्या लेखात एवढे जरूर छापा: शिप्र मनगटावर लावा, चोळू नका, घरी जा, कामाला लागा आणि चार तासांनी हुंगून बघा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली