ज्यांनी माझ्या लिंका ऐकल्या, त्यांना

ताई, सप्रेम नमस्कार.

पत्र तुम्हाला आहे, पण उघड लिहितो आहे. दस्तऐवजात लिंका कशा घालाव्यात याबद्दल तुम्ही मला जे शिकवलंत ते वर्डमध्ये किंवा लिबरऑफिसमध्ये चार पानं लिहून दुसऱ्याला पाठवणाऱ्या कुणाच्याही कामाचं आहे. तुमचं नाव घालू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून ते इथे नाही.

आपल्या कार्यालयाची ११८ पानांची कार्यपुस्तिका मी लिहिली, सगळ्यांना पाठवली, आणि दुसऱ्याच दिवशी तुम्ही लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आलात. हेडफोनची वायर काढलीत, म्हणजे तुमच्या कानात पडणारा आवाज मलाही ऐकू यावा. इन्सर्ट आणि एफ७ ही दोन बटणं एकदम दाबलीत. स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या तुमच्या एनव्हीडीए या प्रोग्रामने पुस्तिकेतल्या सगळ्या लिंकांची यादी समोर मांडली आणि तुम्ही खालच्या बाणाने एकेक ओळ उतरू लागलात. ‘इथे क्लिक करा.’ ‘इथे क्लिक करा.’ ‘येथे पहा.’ ‘इथे क्लिक करा.’ मी मोजत होतो, तेवीस झाल्या. मग तुम्ही थांबलात आणि शांतपणे विचारलंत, “यातली रजेच्या अर्जाची कुठली, ते सांगा.”

मला सांगता आलं नाही. पुस्तिका मी लिहिलेली, लिंका मी घातलेल्या, आणि तरीही सांगता आलं नाही. तो प्रश्न तुम्ही रागाने विचारला असतात तर मी काहीतरी कारण पुढे केलं असतं. तुम्ही तो खरंच उत्तर हवं असल्यासारखा विचारलात. त्याबद्दल पहिले आभार.

डोळ्यांनी वाचणारा माणूस पान वरून खाली चाळतो, निळी रेघ दिसली की आजूबाजूची ओळ वाचतो आणि ठरवतो. कानाने वाचणाऱ्याने ११८ पानं सलग ऐकत बसायची नसतात. तोही चाळतोच, फक्त त्याचं चाळणं म्हणजे लिंकांची यादी आणि शीर्षकांची यादी. त्या यादीत लिंक आपल्या वाक्यातून सुटी होऊन येते. तिच्यासोबत येतात ते फक्त तिचे स्वतःचे शब्द. हे कळल्यावर बाकी सगळं आपोआप कळत गेलं. वेबवरच्या मजकुरासाठी डब्ल्यू३सी या संस्थेने २००८ च्या डिसेंबरमध्ये जी सुलभतेची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली, त्यात लिंकचा हेतू समजला पाहिजे ही अट अगदी पायाच्या पातळीवर आहे, हेही तुम्ही सांगितलंत. पण खरं सांगतो, नियम नंतर पटला. आधी पटला तो तेवीस वेळा ऐकलेला आवाज.

मी तोवर काय करत होतो? पत्ता ब्राउझरमधून उचलायचा, ओळीच्या शेवटी चिकटवायचा आणि स्पेस द्यायची. वर्ड आपसूक त्याला निळा करतं. किंवा ‘इथे क्लिक करा’ असं लिहून त्यावर लिंक चढवायची. तुम्ही दाखवलीत ती पद्धत एका मिनिटाची आहे: वाक्य आधी पूर्ण लिहायचं, त्यातले ज्या गोष्टीचं नाव आहे ते शब्द निवडायचे, कंट्रोल आणि के दाबायचं, आलेल्या चौकटीत पत्ता चिकटवायचा, एंटर. वर्ड, लिबरऑफिस रायटर, गूगल डॉक्स, तिन्हीकडे हेच बटण चालतं.

त्यापुढे तुम्ही जे म्हणालात ते मला कुठल्याही मदतपानावर वाचायला मिळालं नव्हतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून आपला हात लिंक घालायला शेवटाकडेच जातो, ‘पहा’वर, ‘वाचा’वर, ‘क्लिक करा’वर. ‘रजेचा अर्ज भरण्यासाठी इथे क्लिक करा’ या वाक्यात कामाचे शब्द सुरुवातीला आहेत आणि लिंक पार टोकाला लटकलेली. तुम्ही म्हणालात, लिंक नामावर ठेवा. ‘रजेचा अर्ज दोन पानांचा आहे’ असं लिहा आणि ‘रजेचा अर्ज’ याला लिंक द्या. क्लिक करा हे सांगावं लागत नाही; लिंक आहे हे डोळ्यांना रेघेवरून कळतं आणि कानाला यंत्र स्वतः सांगतं. शब्दाला प्रत्यय असेल तर तोही आत घ्या, कारण ‘अर्जा’ लिंकच्या आत आणि ‘साठी’ बाहेर राहिलं की आवाज शब्दाच्या मध्येच तुटतो. इतक्या बारकाईने माझ्या भाषेकडे कुणी बघेल, तेही एका लिंकसाठी, असं मला वाटलं नव्हतं.

उघडे पत्ते का नकोत, तेही तुम्ही ऐकवलंत. मराठी शब्द असलेला वेबपत्ता ब्राउझरमधून कॉपी केला की बऱ्याचदा तो टक्क्यांच्या चिन्हांची आणि अक्षर-आकड्यांची लांबच लांब माळ होऊन उतरतो. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-अनुस्वारासकट, यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणक अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, तीन बाइट घेतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइट तीन खुणांनी लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाच्या नऊ खुणा. ‘ग्रंथालय’ या साध्या शब्दात अशी आठ चिन्हं आहेत, त्याच्या बहात्तर खुणा होतात. तुमच्या कानात ‘टक्के ई शून्य टक्के ए चार’ सुरू झालं, आणि ते संपेना. तुम्ही मला ते थांबवू दिलं नाहीत. शेवटपर्यंत ऐका, म्हणालात.

दुपारी अनुक्रमणिकेचा विषय निघाला. ती मी हाताने केली होती: प्रकरणाचं नाव, मग टिंबांची ओळ, मग पान क्रमांक. नवव्या पानावर नंतर एक तक्ता घातला आणि पुढचे सगळे क्रमांक एकाने चुकले, ते मला तुम्ही सांगेपर्यंत माहीत नव्हतं. शीर्षकंही मी नुसती ठळक आणि मोठी केली होती. दिसायला शीर्षक, पण वर्डच्या लेखी तो साधा परिच्छेदच. त्यामुळे तुमच्या शीर्षकांच्या यादीत माझी ११८ पानं रिकामी होती. एकही शीर्षक नाही. तुम्ही माझ्याकडून पहिल्या प्रकरणाच्या नावाला ‘हेडिंग १’ शैली लावून घेतलीत, पोटविभागाला ‘हेडिंग २’, आणि मग रेफरन्सेस टॅबमधून अनुक्रमणिका टाकायला सांगितलीत. ती तयार होऊन आली, प्रत्येक ओळ लिंक असलेली. काही बदललं की त्यावर एफ९ दाबायचं आणि पूर्ण तक्ता अद्ययावत करायचा. मजकुरातल्या ‘पान ३७ पहा’ या माझ्या ओळीही तुम्ही क्रॉस-रेफरन्सने बदलायला लावल्यात, म्हणजे पान सरकलं की आकडाही सरकेल. शीर्षक नसलेल्या जागी उडी मारायची असेल तर बुकमार्क, म्हणजे त्या जागेला दिलेलं नाव. त्याच्या नावात मोकळी जागा चालत नाही, अंडरस्कोर चालतो. आणि लिंकवरून उडी मारल्यावर परत मूळ जागी यायला ऑल्ट आणि डावा बाण. हे शेवटचं तुम्ही अगदी सहज बोलून गेलात. मला त्याचा रोज उपयोग होतो.

तुम्ही पुस्तिकेतली प्रत्येक लिंक उघडून पाहिलीत, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. एकूण चौसष्ट. त्यातल्या पाच वेगवेगळ्या नावांच्या लिंका एकाच पानावर जात होत्या. मी एक लिंक कॉपी करून पुढे चिकटवली होती, वरचे शब्द बदलले होते आणि समजलो होतो की काम झालं. शब्द बदलल्याने आतला पत्ता बदलत नाही. ‘प्रवासभत्ता’ वाचून कुणी गेला असता आणि पोचला असता भविष्यनिर्वाह निधीच्या पानावर. तुम्ही म्हणालात, वाचणारा यात स्वतःचंच काहीतरी चुकलं असं समजतो. हे वाक्य माझ्या मनात रुतून बसलं आहे. चुकीची लिंक घालणारा समोर नसतो. जो चुकीच्या जागी पोचतो, तो स्वतःला दोष देतो, निमूट मागे फिरतो आणि कुणाला विचारत नाही. आता मी फाइल पाठवण्याआधी प्रत्येक लिंक उघडतो, प्रत्येक.

सात लिंका मात्र कुणाकडेच उघडत नव्हत्या, फक्त माझ्याकडे उघडत होत्या. त्या माझ्याच संगणकावरच्या फोल्डरांकडे बोट दाखवत होत्या. पुस्तिका आणि तिला जोडलेल्या फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवा, मग लिंका घाला, आणि पाठवताना तो आख्खा फोल्डर पाठवा, हा तुमचा उपाय. दोन घरं बदलली तरी शेजार तोच राहावा तसं, असं तुम्ही समजावलंत.

पीडीएफची गोष्ट तर मला आधीपासून छळत होती. मी प्रिंटच्या चौकटीत जाऊन पीडीएफ निवडायचो. फाइल व्हायची, निळी अक्षरं निळीच दिसायची, आणि त्यावर क्लिक केलं की काही होत नसे. मी समजायचो की पीडीएफमध्ये लिंका चालतच नाहीत. तुम्ही फरक सांगितलात: प्रिंट म्हणजे कागदाचं चित्र काढणं, आणि कागदावर लिंक नसते. त्याऐवजी ‘सेव्ह ॲज’मधून पीडीएफ निवडली की लिंका जिवंत राहतात. तिथल्या पर्यायांत शीर्षकांवरून बुकमार्क करायची आणि सुलभतेसाठी दस्तऐवजाची रचना सोबत ठेवायची खूण आहे, त्या दोन्ही करून ठेवा, म्हणालात. लिबरऑफिसमध्ये हेच ‘एक्स्पोर्ट’मधून. ज्यांना छापील प्रतच हवी त्यांच्यासाठी छोटे, हाताने टाइप करता येतील असे पत्ते मी तळटिपेत घातले.

एका मुद्द्यावर आपलं एकमत झालं नव्हतं, आठवतं? निळा रंग आणि अधोरेखा मला डोळ्यांत खुपायची, म्हणून मी ती काढून सगळं काळं केलं होतं. तुम्हाला दोन्हीचा काही उपयोग नाही, तरी तुम्ही त्याच्यासाठी वाद घातलात. ज्यांना थोडंच दिसतं किंवा ज्यांना रंग ओळखता येत नाहीत, त्यांना रेघेशिवाय लिंक सापडणार कशी? मी रेघ ठेवली. रंग थोडा गडद केला, तोही एकेका लिंकवर नाही, ‘हायपरलिंक’ ही शैलीच एकदा बदलून. स्वतःला न लागणाऱ्या गोष्टीसाठी तुम्ही भांडलात, याचं मला त्या दिवशी नुसतं आश्चर्य वाटलं होतं. आदर नंतर वाटत राहिला, अजून वाटतो.

जेवणाच्या सुट्टीत तुम्ही डग्लस एंगलबार्ट या संगणक-संशोधकाची गोष्ट सांगितलीत. ९ डिसेंबर १९६८ ला त्यांनी भरल्या सभागृहात पडद्यावर मजकूर लिहून दाखवला, हलवून दाखवला, आणि त्यातल्या एका शब्दावरून दुसऱ्या जागी उडी मारून दाखवली. टिम बर्नर्स-ली यांनी वेबचा प्रस्ताव १९८९ मध्ये मांडला, म्हणजे वीस वर्षांनंतर. मला कायम वाटायचं की लिंक ही वेबची वस्तू आणि आपण ती दस्तऐवजात उसनी आणतो. ती लिहिण्याच्या यंत्रात आधीच होती. तुम्ही हे एवढ्या आनंदाने सांगत होतात की त्या संध्याकाळी मी घरी जाऊन त्या प्रात्यक्षिकाचं चित्रण पाहिलं.

मराठीत लिंकला दुवा म्हणतात आणि मनापासून दिलेल्या आशीर्वादालाही दुवाच म्हणतात. गेल्या महिन्यात रुजू झालेल्या मुलाने मला येऊन सांगितलं की त्याने पुस्तिका वाचली नाही, पण हवं ते प्रत्येक वेळी सापडलं. ती दुवा तुमची आहे, म्हणून पुढे पोचवतो आहे.

दुसऱ्या आवृत्तीचा मसुदा सोबत पाठवतो. एक गोष्ट मला सुटलेली नाही: चौथ्या आणि नवव्या प्रकरणात ‘नमुना अर्ज’ याच नावाच्या दोन लिंका आहेत आणि त्या दोन वेगळ्या अर्जांकडे जातात. यादीत त्या एकाखाली एक ऐकू येतील तेव्हा वेगळ्या कळायला हव्यात. ‘बदलीचा नमुना अर्ज’ आणि ‘बढतीचा नमुना अर्ज’ असं करून पाहिलं आहे, पण बदली आणि बढती घाईत ऐकताना सारखेच वाटतात का, ते तुमच्या कानांनीच सांगावं.

आपला,
शेजारच्या टेबलावरचा सहकारी