षट्कर्णी होऊनही न फुटलेली गोष्ट

कॅथे विल्यम्सच्या भावास आणि मित्रास,

स.न.वि.वि.

तुमची माझी ओळख नाही, असायचं कारणही नाही. गेल्या महिन्यात मी माझ्या आजारपणाची गोष्ट ऑफिसातल्या एकीला ‘कुणाला बोलू नकोस’ म्हणून सांगितली. दुपारचे डबे उघडेपर्यंत ती मजलाभर झाली होती. तीही काळजीच्या सुरात, बरं का. त्याच आठवड्यात, पुरुष म्हणून अमेरिकी फौजेत राहिलेल्या कॅथेबद्दल वाचलं आणि तुमच्यावरच्या एका वाक्यापाशी अडकले.

अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात गुलाम आईच्या पोटी जन्मलेली पोर. १८६१ साली यादवी युद्धात युनियनच्या, म्हणजे उत्तरेकडच्या फौजेने तिथलं जेफरसन सिटी घेतलं आणि तिला बरोबर नेलं. रांधता येत नव्हतं, तरी अधिकाऱ्यांच्या चुलीपुढे बसवलं. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने गेली, पण पोटाचा प्रश्न राहिला. तिला नातेवाइकांच्या जिवावर जगायचं नव्हतं. १५ नोव्हेंबर १८६६ ला सेंट लुइसमध्ये तिने नाव उलटं केलं आणि ‘विल्यम कॅथे’ म्हणून काळ्या शिपायांच्या ३८व्या पायदळ पलटणीत तीन वर्षांसाठी भरती झाली. फौजेत बायांना मज्जाव होता. डॉक्टरांनी तपासून धडधाकट ठरवलं. काय तपासलं, त्यांनाच ठाऊक!

त्या पलटणीत खरं माहीत होतं ते तुम्हा दोघांनाच. तुमच्यामुळेही ती फौजेत आली होती, असं ती पुढे म्हणाली. आपल्याकडे म्हणतात, गोष्ट षट्कर्णी झाली की फुटलीच. मी मोजून पाहिलं: तिचे दोन कान, तुमचे चार. बरोबर सहा! आणि तरी जवळजवळ दोन वर्षं ती फुटली नाही. तिला देवी आल्या, ती दवाखान्यात पडली, न्यू मेक्सिकोपर्यंत पायपीट झाली, सगळीकडे छावणीतलं उघड्यावरचं जिणं. शिपायांच्या गप्पांत एखादी कोटी, एखादा डोळा मिचकावणं पुरलं असतं. तुम्ही तेवढंही केलं नाहीत. पोटात ठेवलंत.

शेवटी तीच कंटाळली, दुखण्याचं निमित्त केलं आणि छावणीच्या डॉक्टरला कळलं. १४ ऑक्टोबर १८६८ ला तिला फौजेतून मोकळं केलं. मग बाकीच्या शिपायांना ती नकोशी झाली, काही जण तर फार वाईट वागले. काल एका रांगेत चालणारी माणसं ती! आणि १८९१ साली तिने पेन्शन मागितली तेव्हा पायाची सगळी बोटं कापलेली, हातात कुबडी. सरकारी डॉक्टरला त्यात पेन्शनजोगं अपंगत्व दिसलं नाही. अर्ज फेटाळला. डॉक्टर लोकांना तिच्यात जे पाहायचं ते क्वचितच दिसलं.

आमच्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केलं, गुलामांना सोडवल्याबद्दल. त्या अर्पणासारखंच माझं हेही आभाराचं पत्र म्हणायचं. त्या सुमारास सुटलेली कॅथे कॉलराडोत लोकांची धुणी धूत होती. भल्या लोकांची यादी करताना कायदे करणारे, लढाया जिंकणारे आठवतात. तोंड मिटून बसलेले कोण धरणार? मी धरते. मनापासून आभार.

इंग्रजी ‘कझिन’मधून तुम्ही तिचे चुलत, मामे, मावस की आतेभाऊ, काही कळत नाही. दुसरे नुसतेच ‘खास मित्र’. १८७६ च्या जानेवारीत सेंट लुइसच्या वर्तमानपत्रात तिची हकीकत छापून आली. पलटणीचं नाव आहे, गावांची आहेत, तुमची नाहीत. तिनेही पोटातच ठेवली.

म्हणून वर मायन्यात नावं घालता आली नाहीत.

आपली,
एक वाचक