त्या रात्री ड्युटीवर असलेल्या सिस्टरना

सिस्टर, तुमचं नावसुद्धा मी विचारलं नाही बघा. सगळे सिस्टर सिस्टर म्हणत होते, मीही तेच म्हटलं, आणि दीड महिन्यानी दाखवायला आलो तेव्हा कळलं की तुम्ही नोकरी सोडून गावी गेलात. नंबर कोण देणार, म्हणून इथंच लिहितेय, कुणी ना कुणी पोचवेल तुमच्यापर्यंत.

ओळख पटावी म्हणून सांगते, एप्रिलच्या उन्हात माकडटोपी घालून, पुढं आलेले कान मागं बसवायच्या ऑपरेशनसाठी ऍडमिट व्हायला आलेला तो आठ वर्षांचा पोरगा माझा. शाळेत त्याला सूपकान्या म्हणायचे. आमच्या सासूबाई म्हणायच्या मोठे कान भाग्याचे, गणपतीचे बघ, आणि ह्यांचं म्हणणं की माझेही असेच आहेत, माझं काय अडलं? (अडलं नाही, पण लग्नाच्या अल्बममध्ये एक फोटो समोरून नाही, सगळे तिरपे.) बाळंतपणात मालिशवाली म्हणायची की रोज दाबून दाबून बसतील कान, तसं काही बसले नाहीत. नंतर डॉक्टरांकडून कळलं की जन्मल्यावर पहिल्या काही आठवड्यांत कूर्चा (कानाला आकार देणारा आतला लवचीक भाग) मऊ असते तेव्हा साचा लावून कान खरंच वळवता येतात, पण ती वेळ आमची कधीच निघून गेली होती. कान पाच-सहा वर्षांपर्यंत जवळजवळ पूर्ण वाढतो म्हणून आता करायला हरकत नाही, ऐकण्यावर काही परिणाम नाही, कानाच्या मागून छेद घेऊन आतल्या कूर्चेला टाके घालून घडी पाडायची, असं त्यांनी कागदावर कान काढून समजावलं.

तरी माझ्या मनात धाकधूक होतीच, की आपण पोराच्या अंगावर हौस भागवतोय का. सलाईन लावताना तुम्ही त्याला मधेच विचारलंत, "कान तुला करायचेत का आईला?" आणि तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला. मला टोपी काढून खेळायचंय." मला वाटतं मी आई असून हा प्रश्न त्याला कधी सरळ विचारलाच नव्हता.

पण आभार मानायचेत ते त्या रात्रीचे. पूर्ण भूल देऊन ऑपरेशन झालं, डोक्याला हे एवढं मोठं बँडेज, संध्याकाळी पेज पिऊन झोपला, आणि साडेअकराच्या सुमारास रडत उठला, कान लय दुखतोय म्हणून. मी काय केलं, तर त्याला गप्प केलं. ऑपरेशन केलंय, दुखणारच की, शेजारच्या बेडवरच्या ताईला बघ कशी झोपलीय. (त्या ताई सव्वीस वर्षांच्या, त्यांचंही कानाचंच, पण नुसती जागा बधिर करून, आणि त्या सांगत होत्या की आत काम चाललेलं करकर ऐकू येत होतं.) तुम्ही राऊंडला आलात, औषध देऊन पुढं गेला असतात तरी मी काही बोलले नसते. तुम्ही त्याच्या बेडवर टेकलात आणि विचारलंत, "दोन्ही दुखतायत का एकच?" तो म्हणाला डावा. आधी कमी होता का? हो, आता जास्त. एवढंच. तुम्ही लगेच फोन लावलात, डॉक्टर घरून आले, पट्टी सोडली तर डावा कान जांभळा होऊन फुगलेला, आत रक्त साचलेलं. त्यांनी तिथल्या तिथं ते काढलं आणि परत पट्टी बांधली.

मला तेव्हा कळलंच नव्हतं किती गंभीर आहे ते. सकाळी डॉक्टर म्हणाले की तालमीतल्या पैलवानांचे कान बघितलेत ना, कातडी आणि कूर्चा यांच्यामध्ये रक्त साचून राहिलं की कूर्चेला पोषण मिळत नाही आणि कान तसा गाठीगाठीचा होतो. बघितलेत ना म्हणे! माझे वडील पैलवान, कोल्हापुरात वाढलेय मी, लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून त्या कानाच्या गाठी चाचपायचे. त्यांना त्या कानांचा कोण अभिमान. पण पोराचे कान नीट करायला आणून तसला एक घेऊन घरी गेलो असतो तर माझं मलाच तोंड दाखवता आलं नसतं.

बाकी मग सगळं सरळ झालं. आठवडाभर पट्टी, नंतर महिना-दीड महिना रात्री झोपताना हेडबँड, तो त्याला टेनिसवाल्यासारखा वाटायचा म्हणून दिवसाही काढायचा नाही. डावा कान उजव्यापेक्षा अगदी किंचित पुढं आहे, मलाच दिसतो. ह्यांना म्हटलं तुम्ही पण करून घ्या, तर म्हणाले आता ह्या वयात कुणाला तोंड दाखवायचंय, आणि अजून तिरपेच फोटो काढतात.

आणि हो, ती माकडटोपी विचारत होतात ना डिस्चार्जच्या दिवशी, की आता हिचं काय करणार? गल्लीतल्या कुत्रीला चार पिल्लं झालीत, त्यांच्या खाली अंथरलीय त्यानं.